पोत्यांच्या नावानं केलेलं दार

आमचे बाबा बांबूच्या काडीसारखे बारीक होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही घडलं त्याचं मूळ त्यांच्या अंगकाठीत होतं. आमच्या सावली गावात आणि आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांत त्यांना डोमाजी मिस्त्री म्हणून ओळखत. लिलावात निघालेल्या मिलिटरीच्या लॉऱ्या लोक विकत घेऊन यायचे. नुसती चेसी, चार चाकं आणि पुढे एक खोकणारं इंजिन. बाबा त्यावर सागवानाची बॉडी चढवायचे आणि लॉरीची मोटार व्हायची. त्यांच्या हाताला कसब होतं यात शंका नाही. त्यांनी बसवलेली फळी पावसाळ्यात फुगायची नाही की उन्हाळ्यात आटायची नाही. पण दार मात्र ते स्वतःच्या अंगावरून मापायचे. चौकट उभी केली की एकदा त्यातून आत जायचे, एकदा बाहेर यायचे, आणि हात झटकून म्हणायचे, "झालं. माणूस आत जाते." त्या दारातून बाबांसारखा माणूस आत जायचा हे खरंच. पण बाबांसारखा माणूस आमच्या तालुक्यात एकच होता.

त्या मोटारींचं दार म्हणजे मागच्या बाजूला ठेवलेली एक उभी फट. खाली लोखंडाची तीन दांड्यांची शिडी. लॉरीची चाकं उंच, त्यामुळे मोटारीचा तळ उभ्या माणसाच्या छातीशी यायचा आणि शिडीची पहिली दांडीच दीड हातावर असायची. पुरुष धोतर खोचून, शिडीला लोंबकळून चढून जायचे. बायांचं काय? अंगावर लुगडं, डोक्यावर टोपलं, कडेवर पोर, आणि मागे रांगेत उभे असलेले झाडून सगळे बाप्ये वर बघणारे. त्या बिचाऱ्या सगळ्यांत शेवटी चढायच्या, तोवर बाकं भरलेली असायची, मग त्या सामानावर बसायच्या. सामानही त्याच फटीतून आत जायचं. तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, वांग्यांची टोपली, पाय बांधलेल्या कोंबड्या. बकरी माणसांच्या आधी चढवायची की नंतर, यावर आमच्या स्टँडवर रोज भांडण व्हायचं. गंमत म्हणजे, ती शिडी सगळ्यांत छान बकरीलाच जमायची.

घर आणि कारखाना असं वेगळं काही आमच्याकडे नव्हतं. अंगणात मोहाचं झाड, झाडाखाली बाबांची मोटार, आणि मोटारीच्या मागे कुठेतरी आमचं घर. उजाडलं की करवतीचा आवाज सुरू व्हायचा. मग रंध्याचा सर्र-सर्र, मग पटाशीवर हातोड्याची टकटक. शाळेतून येताना वळणावरूनच मला कळायचं, आज बाबा खुशीत आहेत की लाकडानं त्रास दिलाय. सागवानाचा भुसा घरभर असायचा. आमच्याकडच्या लाखोळीच्या डाळीच्या वरणात तो जिऱ्या-मोहरीसारखा असायचा म्हणा ना. माय झाकण ठेवायची, फडकं टाकायची, तरी भुसा आपली वाट काढायचाच. लग्न होऊन मी सासरी गेले, तेव्हा पहिले पंधरा दिवस मला तिथलं वरण बेचव लागलं. कारण बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

माय कमी बोलायची. पण बोलली की ते वाक्य दोन-तीन दिवस घरात फिरत राहायचं. तिचं माहेर नदीपलीकडे, चामोर्शीच्या बाजूला. उजव्या गुडघ्यात तिला जुनं दुखणं होतं, पाय पूर्ण दुमडायचा नाही. मी लहान असताना ती विहिरीवर घसरली, असं मला सांगितलेलं होतं. मोटारीत ती बसायची नाही. "मले उलटी होते," म्हणायची. म्हणून माहेरी जायचं तर बंडीनं. दोन बैल, एक भाऊ न्यायला आलेला, वाटेत एक मुक्काम. भावाला सवड नसेल तर जाणं नाही. वर्षाआड जायची ती, कधी दोन वर्षांनी. अख्ख्या मुलखाच्या मोटारी बांधणाऱ्या मिस्त्रीची बायको बंडीनं माहेरी जाते, यावर गावात बऱ्यापैकी हसू व्हायचं. बाबाही त्या हसण्यात सामील व्हायचे. "तिले मोटार लागते," म्हणायचे, आणि पुन्हा रंधा चालवायचे.

मी तेव्हा पंधरा वर्षांची. सातवी पास होऊन घरी बसलेली. बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं सगळं माप हात, वीत आणि बोटात. पण मोटार पास करणाऱ्या साहेबाला फूट आणि इंच लागायचे, म्हणून कागदावर नकाशा काढून मापं भरायचं काम माझ्याकडे आलं. बाबा सांगायचे, "तीन हात, एक वीत, दोन बोटं," आणि मी त्याचे फूट-इंच करायची. या कामानं माझ्या डोक्यात जरा हवा गेली होती, हे आज कबूल करते. वडिलांना जे येत नाही ते आपल्याला येतं, हे कळलेली पंधरा वर्षांची पोरगी घरात असणं ही त्या घराची परीक्षाच असते.

त्या थंडीत किसनशेट आले. त्यांची तांदळाची गिरणी होती, आणि आता त्यांना सावलीहून नदी ओलांडून गडचिरोली, चामोर्शीपर्यंत मोटार चालवायची होती. शिवरात्रीला चामोर्शीजवळ मार्कंड्याची जत्रा भरते, तिथे सगळा मुलूख लोटतो, तेव्हा मोटार रस्त्यावर पाहिजे, हा त्यांचा हुकूम. खाटेवर बसून त्यांनी गूळ घातलेला चहा घेतला आणि दाराचं बोलणं काढलं.

"मिस्त्री, दार एकच ठेवजो. मागून. आन बारीक ठेवजो. एका टायमाले एकच आदमी उतरला पायजे. दार मोठं केलं का लोक इकडून-तिकडून निसटते, मंग टिकीट कोन पाहील?"

"बराबर हाय शेट," बाबा म्हणाले. बारीक दार ही तर त्यांची खासियत.

मी कागद घेऊन बाजूला बसले होते. मी म्हटलं, "बाबा, पण त्या दारातून बाया कशा चढतीन?"

"जशा आजवर चढल्या तशा."

"आजवर कुठी चढल्या? शेवटी चढतात आन कट्ट्यावर बसतात."

किसनशेट मोठ्यांदा हसले. "मिस्त्री, तुमची पोरगी तं वकीलच निघाली." बाबाही हसले, पण माझ्याकडे बघून नाही. शेटजी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "पोरी, दार माणसासाठी असते. माणूस आत गेला का दाराचं काम झालं."

"कोनता माणूस, बाबा? तुमी?"

हे बोलायला नको होतं. माय चुलीपाशी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांना बेसन लावत होती, तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

मला गप्प बसवायचं असेल तर आधी मला चूक ठरवावं लागतं, हा माझा स्वभाव तेव्हापासूनचा. (माझ्या नवऱ्याला विचारा. विचारू नका, तो सांगत बसेल.) पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सुतळीला बोटाबोटावर गाठी मारल्या, एका पाटीत आठ विटा घेतल्या, आणि मोटार स्टँडवर जाऊन बसले. विटा एकावर एक रचायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला म्हणायचं, मावशी, डोक्यावरचं टोपलं न उतरवता यावर पाय ठेवून दाखव. पहिल्या चार जणींनी मला वेडी ठरवलं. पाचवी हसली आणि तिनं पाय ठेवला, मग गर्दी जमली.

"काय वो पोरी, लुगडं मापून राह्यली का?"

"लुगडं नाई मावशी, पायरी मापून राह्यली."

"मिस्त्रीले सांगजो, आमाले पंख लावून दे म्हणा. पायरीची गरजच नाई."

तासाभरात मला कळलं की डोक्यावर ओझं असलेली बाई वीतभर आणि वर चार बोटं, एवढाच पाय सहज उचलते. त्याच्यावर एक वीट ठेवली की ती आधी आजूबाजूला पाहते, कुणी बघतंय का, आणि मग कशाला तरी धरायला हात शोधते. तो हात कुठं जातो, तेही मी मापलं. खांद्याच्या जरा खाली. पोर कडेवर असलेल्या बाईला दार सव्वादोन हात रुंद हवं, नाहीतर पोराचं डोकं चौकटीवर आपटतं. हे मला एका पोराच्या रडण्यावरून कळलं.

तिथेच पैकू भेटला. नदीपलीकडच्या जंगलातल्या गावचा गोंड, दर बाजाराला कावडीत चारोळी, हिरडा, कधी मोह घेऊन यायचा. पायी यायचा, पायी जायचा. मी विचारलं, "पैकूभाऊ, तुमी मोटारीनं काऊन येत नाई?"

त्यानं कावड खांद्यावरून न उतरवता आधी मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माही कावड आडवी चालते," तो म्हणाला, "आन तुह्या बापाचं दार उभं हाय. आमचं दोघाचं जमत नाई." मग पुढे म्हणाला, "अन तसं बी, मोटार वाटेत फसली का मीच पुढं राह्यतो. मांगच्या बाजाराले ढकलू लागलो होतो मी तिले."

त्याची कावड मी मापली. साडेतीन हात. मापू दिल्याबद्दल त्यानं मला मूठभर चारोळी दिली. खरं तर काहीतरी मीच त्याला द्यायला हवं होतं.

घरी येऊन हे सगळं मी नीट कागदावर लिहिलं आणि त्याच संध्याकाळी, शेटजींचा माणूस लाकूड घेऊन आला असताना, त्याच्यादेखत बाबांना वाचून दाखवलं. आज वाटतं, तो माणूस जाईपर्यंत कळ काढायला काय झालं होतं? पण मला तो कागद फार हुशारीचा वाटत होता. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग वाकस उचलला आणि अंधार पडेपर्यंत एक ओंडका तासत राहिले. त्या ओंडक्याचं काहीच बनवायचं नव्हतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. "कौसूले म्हणा पाणी आण," असं मायला सांगायचे, मी तिथेच समोर उभी असताना. मी पाणी आणायची आणि मायला सांगायची, "बाबाले म्हणा पाणी ठेवलं." माय आमच्या दोघांमध्ये भाकरी थापत बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी अंगणात चार लाकडी बल्ल्या रोवल्या. त्यांच्यामध्ये फळ्यांचं मचाण बांधलं, बरोबर मोटारीच्या तळाच्या उंचीवर. समोर नेहमीच्या रुंदीची चौकट उभी केली, खाली तीन दांड्यांची शिडी टांगली. सगळं इतकं नेटकं, की वाटावं मोटारच पुढून अदृश्य झाली आहे. मग त्यांनी मला नाही, मायला हाक मारली.

"कौसूची माय, इकडे ये. चढून दाखव इच्यावर. या पोरीले पटू दे का बाई चढू शकते."

मायचे हात पिठाचे होते. ती बाहेर आली, शिडीसमोर उभी राहिली. बाबा तिला काही करून दाखव म्हणाले असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि बहुतेक तिनंही. तिनं हात लुगड्याला पुसले, लुगड्याचा काठ वर खोचला आणि डावा पाय पहिल्या दांडीवर ठेवला. चढली. उजवा पाय दुसऱ्या दांडीवर ठेवताना गुडघा दुमडेना. तिनं वर धरायला हात नेला, तिथं धरायला काही नव्हतं, नुसती गुळगुळीत फळी, बाबांनी मन लावून रंधा मारलेली. क्षणभर ती तशीच लटकली. मी धावले, पण तिनं मान हलवून मला थांबवलं आणि एकेक पाय करत खाली उतरली.

मग ती बाबांना म्हणाली, आवाज न चढवता, जसं भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं, "मी पडली थे दार बी असंच होतं."

आणि आत जाऊन पुन्हा पिठाला बसली.

विहीर वगैरे काही नव्हती. बाबांनी बांधलेल्या पहिल्या मोटारीत, पहिल्याच दिवशी, त्यांनी मोठ्या हौसेनं मायला बसवायला नेलं होतं. दुसऱ्या दांडीवरून ती स्टँडवर, सगळ्या गावासमोर पडली. त्यानंतर बाबांनी अनेक मोटारी बांधल्या, आणि गावात एकाही माणसानं तो विषय त्यांच्यापुढे काढला नाही. मायनंही नाही. मला हे सगळं नंतर शेजारच्या काकूनं सांगितलं. त्या सकाळी मात्र मी फक्त बाबांकडे बघत होते. ते शिडी धरून उभे होते. मग त्यांनी ती काढली, भिंतीला टेकवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो कागद आण."

त्या दुपारी आम्ही दोघं मचाणासमोर बसलो. मला वाटलं होतं, आता बाबा माझ्या कागदाप्रमाणे दार करतील. पण माझा कागद कसा आहे, हे त्यांनी मला पहिल्या दहा मिनिटांत दाखवलं. मी लिहिलं होतं, दार बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे, सव्वादोन हात रुंद, बाहेर उघडणारं. बाबा म्हणाले, "बाहीर उघडलं तं रस्त्यानं पळसाच्या फांद्या तोडून नेतीन. आत उघडलं तं बसलेल्याच्या गुडघ्यावर." मग त्यांनी दोन अरुंद झडपा सुचवल्या, मधोमध मिळणाऱ्या, आत दुमडून भिंतीला चिकटणाऱ्या. मी लिहिलं होतं, पायरी वीतभर आणि चार बोटांवर. ते म्हणाले, "मोटार जंगलातून जाते बाई, पायरी दगडाले लागन." म्हणून खालची पायरी बिजागरीवर, चालताना वर उचलून कडी लावायची. वरच्या दोन पायऱ्या मोटारीच्या आतच, तळाची फळी कापून खाली बसवलेल्या. माझ्या कागदावर मुठीचं माप होतं, मूठ कशी असावी ते नव्हतं. बाबांनी सागवानाच्या दोन मुठी घडवल्या, मधे फुगीर, टोकाला बारीक, हातात धरली की हात आपोआप बंद व्हावा अशा. त्या घडवताना त्यांनी चार वेळा मायला हाक मारून तिचा हात मापला. चारही वेळा हात तेवढाच होता.

आणि मागे, जिथे ती फट असायची, तिथे पूर्ण रुंदीचा फाळका. खालच्या बाजूला बिजागऱ्या, साखळीवर टेकणारा, बाहेरून कडी. सामान तिथून, माणसं बाजूनं. पैकूची कावड आडवी जाईल अशी. बकरीचा प्रश्न कायमचा मिटला.

आता राहिले किसनशेट. बारीक दार हवं म्हणून सांगून गेलेला माणूस. वर या दारानं एक अख्खं बाक खाल्लं होतं. चौकट उभी राहिली आणि ते बघायला आले, तेव्हा मी बोलायची सगळी तयारी करून ठेवली होती. बायांची अब्रू, म्हाताऱ्यांचे गुडघे, न्याय, धर्म, सगळं. बाबांनी मला आधीच सांगितलं, "तू फक्त फूट-इंच सांगजो. बाकी मी बोलतो."

शेटजींनी चौकट पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "मिस्त्री, हे का करून राह्यले?"

"शेट," बाबा म्हणाले, "तुमच्या गिरणीचं तांदूळ गडचिरोलीले कसं जाते?"

"बंडीनं. आनखी कसं?"

"आता मोटारीनं जाईन." आणि बाबांनी दोन हमालांना खूण केली. फाळका खाली पडला, आणि तांदळाची पोती दोघांच्या हातांवरून सरळ आत गेली. एक, दोन, तीन, चार. जुन्या फटीतून एक पोतं आत नेईपर्यंत दोन माणसांची भांडणं व्हायची. शेटजी खाटेवरून उठून उभे राहिले.

"अन हे बाजूचं?"

"थे हमालासाठी. इकडून चढला पायजे, तिकडून उतरला पायजे."

"पायरी इतकी खालतं?"

"पाठीवर पोतं असलं का पाय वीतभर आन चार बोटंच उचलते शेट. आम्ही मापलं हाय. सांग कौसू."

मी सांगितलं. इंचात सांगितलं. माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटत होता. माझ्या कागदावर जिथे जिथे बाई होती, तिथे तिथे बाबांनी हमाल बसवला होता.

"आन ही मूठ?" शेटजींनी हात लावून पाहिला. "ही तं लय खालतं हाय. हमाल इतका बुटका असते का?"

"आपल्या इकडचे बुटकेच असतात," बाबा म्हणाले. दोन्ही हमाल चांगले उंच होते. ते दुसरीकडे बघू लागले.

फाळका बाहेरून बंद होतो, माणसं एकाच दारानं उतरतात, टिकीट चुकत नाही, हे शेटजींनी स्वतः दोनदा उतरून पाहिलं. उतरताना त्यांनी मूठ धरली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. "ठीक हाय," शेवटी म्हणाले, "मालाची सोय झाली."

ते गेल्यावर मी बाबांशी भांडले. बायांसाठी म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं? खोटं कशाला बोलायचं? बाबा मुठीवरून कापड फिरवत होते. "पोरी," ते म्हणाले, "माणसासाठी दार मोठं होत नाई. पोत्यासाठी होते. पोतं गेलं का मांगून माणूस जाते." तेव्हा मला त्यांचा राग आला होता. पुढे मी पस्तीस वर्षं शाळांमधून शिकवलं. मुलींसाठी वेगळा संडास मागितला की मिळायचा नाही, साहेबांच्या तपासणीसाठी म्हटलं की महिन्यात बांधून व्हायचा. असं चार शाळांत केलं. प्रत्येक वेळी बाबांची आठवण यायची, आणि रागही थोडा थोडा यायचाच.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मोटार पहिल्यांदा निघाली. स्टँडवर जत्रेला जाणाऱ्यांची ही गर्दी. बाया सवयीनं मागे उभ्या होत्या. मग एकीनं ती खालची पायरी पाहिली, डोक्यावर टोपलं तसंच ठेवून पाय ठेवला, मूठ धरली आणि आत गेली. बाहेर येऊन पुन्हा आत गेली आणि बाकीच्यांना ओरडून म्हणाली, "अवं या ना, हे तं आपल्या ओसरीसारखं हाय!" त्यानंतर जे झालं त्यात तीन पुरुष मागे राहिले आणि त्यांना तांदळाच्या पोत्यांवर बसावं लागलं. त्यांतले एक आमच्या शाळेचे गुरुजी होते. पैकूनं फाळक्यातून कावड आडवी आत सरकवली, स्वतः तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आता ढकलाले कोन राह्यलं खालतं?"

माय सगळ्यांत शेवटी आली. ठेवणीतलं जांभळं लुगडं, हातात माहेरासाठी वड्यांचा डबा. बाबा दाराजवळ उभे होते, हात पुढे करावा की नाही या विचारात. तिनं डबा त्यांच्या हातात दिला, म्हणजे तो प्रश्नच मिटला. मूठ धरली, डावा पाय, मग उजवा, आणि ती आत. दाराशेजारच्या बाकावर तिला जागा ठेवली होती. ती बसली आणि खिडकीतून डबा परत घेतला. बाबा मोटारीला एक चक्कर मारून आले आणि कारण नसताना एका चाकावर थाप मारली. मग आम्ही दोघंही चढलो.

व्याहाडला मोटार थांबली, माय उतरली. म्हणाली, पाणी प्यायचंय. पाणी न पिताच पुन्हा चढली. पुढच्या थांब्यावर उतरली, कुणाची तरी कोंबडी बघितली, चढली. तिसऱ्या थांब्यावर कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा ना एका जागी." ती म्हणाली, "बसीन ना बाप्पा, मले का घाई हाय." वैनगंगेच्या पात्रात रेतीवर बांबूच्या चटया अंथरून रस्ता केला होता, तिथे मोटारीचं चाक रुतलं. सगळ्यांनी उतरा, असा पुकारा झाला. "तुमी बसा बाई, तुमचा पाय," कंडक्टर म्हणाला, पण ती सगळ्यांच्या आधी उतरली होती. तेवढी मोठी मोटार कधी रिकामी झाली ते कळलंही नाही. उलटी वगैरे तिला काहीही झाली नाही.

जत्रा झाली. बाबा आणि मी परत आलो, माय चार दिवस माहेरी राहणार होती. चाराचे आठ झाले. निरोप आला, भावाच्या घरी मोह वेचायचा आहे, येते. आठाचे वीस झाले. बाबांनी कंडक्टरकडे निरोप पाठवला, कधी येतेस. उत्तर आलं, "मोटार रोजच हाय. येईन." आजवर बंडी जोडून न्यायला जावं लागायचं आणि बंडी जोडून आणावं लागायचं, त्यामुळे परत कधी यायचं ते दुसरेच ठरवायचे. आता ते तिनं ठरवायचं होतं, आणि ती सावकाश ठरवत होती. घरात माझा स्वयंपाक होता. माझ्या वरणात भुसा कमी आणि मीठ जास्त असायचं.

पण रोज दिवस कलला की बाबा अवजारं गोळा करून स्टँडवर जायचे. "बिजागरी पाहून येतो," म्हणायचे. नव्या मोटारीची बिजागरी रोज बघावी लागते, असं मला सांगितलं. मोटार यायची, बाबा दाराशी उभे राहून उतरणाऱ्या एकेका माणसाकडे बघायचे, शेवटचा माणूस उतरला की बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडून परत यायचे. महिन्याभरात त्या बिजागरीनं इतकं तेल प्यालं की झडप फुंकरीनं उघडायला लागली.

एके दिवशी मीही बरोबर गेले होते. माय उतरली. डोक्यावर मोहाफुलांचं टोपलं होतं, एक हात टोपल्याला, एक मुठीला. ती आतल्या पायऱ्यांवर आली, मग खालच्या पायरीवर, मग जमिनीवर. उन्हानं रापली होती आणि मला तर ती जरा जाडही वाटली. बाबा तेलाची बाटली धरून उभे होते. दीड महिन्यात त्यांनी मनाशी काहीतरी बोलणं जमवून ठेवलं असणार, पण "सुखरूप आली ना?" एवढंच म्हणाले.

मायनं टोपलं उतरवून माझ्याकडे दिलं. मग वळून दाराकडे पाहिलं. खालून वर, सगळं. इतक्या वर्षांत कुणी त्या कामाबद्दल तिचं मत विचारलं नव्हतं, आणि आजही विचारलं नव्हतं.

"बाकी चांगलं झालं," ती म्हणाली. "पण खालची पायरी आनखी दोन बोटं खालतं घ्या."

दुसऱ्या दिवशी किसनशेटची मोटार स्टँडवरून तासभर उशिरा सुटली.